बेळगावात बसून विनोदी गेम लिहायचे, पॉडकास्ट चालवायचा: नव्यांसाठी पायरी-पायरीने

कथेतला विनोद वाचकाला कधी भेटणार, हे लेखक ठरवतो. गेममध्ये ते खेळणाऱ्याच्या हातात असतं. तो संवाद अर्ध्यात सोडून भिंतीवर उड्या मारत बसेल, एकाच पात्राला सात वेळा तोच प्रश्न विचारेल, किंवा तुमचं सगळ्यात आवडतं वाक्य बटण दाबून पुढे ढकलेल. म्हणून गेमचा विनोदी लेखक वाक्यांइतक्याच अटी लिहीत असतो: हे कधी म्हणायचं, किती वेळा म्हणायचं, दुसऱ्यांदा काय म्हणायचं. पॉडकास्टमध्ये वेळ पूर्णपणे तुमच्या ताब्यात असते, आणि तिथे वाक्य कानाला कसं लागतं ते कळतं. दोन्ही कामं एकत्र शिकण्याचा फायदा हाच.

या वाटेने गेलेले लोक आहेत. अँथनी बर्च आधी गेमविषयी लिहायचा, बहिणीबरोबर छोटे विनोदी व्हिडिओ करायचा. पुढे २०१२ च्या ‘बॉर्डरलँड्स २’चा तो मुख्य लेखक झाला आणि २०१९ पासून एका विनोदी पॉडकास्टमध्ये आहे. ‘पोर्टल’ (२००७) लिहिणारे एरिक वोलपॉ आणि चेट फालिशेक हे त्याआधी गेमची टर उडवणारी एक वेबसाइट चालवायचे. म्हणजे नोकरी लागण्याआधीच लोकांसमोर ठेवलेलं काम होतं. खानापूर, निपाणी किंवा येळ्ळूरहून सुरुवात करणाऱ्यालाही तेच लागेल. बंगळूर-पुण्याला जाणं ही फार पुढची गोष्ट.

पहिली पायरी: एक साधन निवडा, दुसऱ्याकडे बघू नका

प्रोग्रामिंग येत नसेल तर ट्वाइन किंवा इंक यांपैकी एक घ्या. दोन्ही फुकट. ट्वाइनमध्ये एकेका प्रसंगाचा चौकोन असतो; मजकुरात दुवा लिहिला की बाण आपोआप जोडला जातो. तयार गेम ब्राउझरमध्ये चालतो, त्यामुळे देवनागरी जोडाक्षरं बरोबर दिसतात. इंक ही संवाद लिहिण्याची छोटी भाषा आहे आणि तिचा संपादक म्हणजे इंकी. डावीकडे लिहायचं, उजवीकडे लगेच खेळून बघायचं. मोठ्या गेममध्येही ती वापरतात, म्हणून नोकरीचा विचार असेल तर इंक शिका. विभागांची आणि चलांची (गेम ज्यांत आकडे, नोंदी लक्षात ठेवतो त्यांची) नावं रोमन अक्षरांत ठेवा; पात्रं जे बोलतात ते देवनागरीत.

इंकमधल्या चारच खुणा आठवडाभर पुरतात. ओळीच्या सुरुवातीला तारा (*) दिला की तो पर्याय एकदाच निवडता येतो. अधिक (+) दिला की पुन्हा पुन्हा. बाण (->) दुसऱ्या विभागात नेतो. महिरपी कंसात उभ्या रेघांनी वेगळी केलेली वाक्यं ठेवली की दर भेटीला पुढचं वाक्य येतं. नवख्यांचा गेम बहुतेक वेळा एकाच जागी अडकतो: सगळे पर्याय ताऱ्याचे, ते वापरून संपतात आणि पुढे जायला वाटच उरत नाही. शेवटी मजकूर नसलेला एक पर्याय (* ->) ठेवा, म्हणजे बाकी संपल्यावर गेम आपोआप तिथून पुढे सरकेल.

पहिला गेम पाच ते आठ मिनिटांचा, एका जागेचा, दोन पात्रांचा. तालुक्याच्या बसस्टँडवरची चौकशीची खिडकी चालेल. सात शेवट असलेली ऐतिहासिक महागाथा नको; ती पूर्ण होत नाही.

दुसरी पायरी: तोच प्रश्न पाचव्यांदा

चौकशीच्या खिडकीचं उदाहरण पुढे नेऊ. खेळणारा विचारतो, ‘खानापूरची गाडी कधी?’ इंकमध्ये उत्तर असं बसेल:

{आली की जाईल.|उभं राहून गाडी येत नाही हो. बसलात तरी येत नाही म्हणा.|परत विचारा. गाडी घाबरून येईल.|येईल की.}

अशी यादी शेवटच्या वाक्यावर थांबते आणि तेच परत परत येत राहतं. म्हणून सगळ्यात जोरदार विनोद शेवटी ठेवायचा नाही. तो दहाव्यांदा ऐकला की चीड येते. तिसऱ्या जागी तो खुलतो. शेवटी ‘येईल की’सारखं छोटं, निर्विकार, कितीही वेळा खपेल असं काहीतरी. कथेत विनोदाचा कळस शेवटी येतो, इथे शेवटच्याच्या अलीकडे. ही सवय मोडायला वेळ लागतो.

याहून अवघड प्रकार म्हणजे बार्क. पात्रं चालता-फिरता, मार खाताना, नुसती उभी असताना जी एक-एक ओळ ओरडतात ती. तासाभराच्या खेळात अशी एखादी ओळ वीस-तीस वेळा वाजू शकते. नियम साधे आहेत:

एका प्रसंगासाठी किमान दहा-बारा ओळी लिहा. त्यातल्या दोन-तीनच खऱ्या विनोदी, बाकी साध्या पण त्या पात्राच्याच तोंडी शोभतील अशा. सगळ्याच विनोदी केल्या तर एकही विनोदी वाटत नाही.

नुकतीच वाजलेली ओळ लगेच परत वाजू नये, आणि दोन बार्कांमध्ये काही सेकंद शांतता राहावी, हे प्रोग्रामरला लेखी सांगा. तुम्ही नाही सांगितलं तर तो यादृच्छिक (रँडम) निवड लावून मोकळा होतो, आणि यादृच्छिक निवडीत एकच ओळ सलग तीनदा येणं अजिबात दुर्मिळ नाही.

सगळ्यात विचित्र ओळ फार क्वचित वाजू द्या. पन्नासात एकदा ऐकू आली तर खेळणारा मित्राला फोन करून सांगतो.

बार्क सात-आठ शब्दांत संपवा. लांब ओळ निम्म्यात दुसऱ्या आवाजाने कापली जाते, आणि मराठीत क्रियापद शेवटी येत असल्याने कापलेल्या ओळीचा अर्थच हरवतो. विनोदाचा शब्द शेवटी असेल तर तोही गेला.

सूचना आणि विनोद एका वाक्यात मिसळू नका. ‘डावीकडची किल्ली घ्या’ हे आधी, सरळ. टोमणा नंतर. खेळणाऱ्याला विनोद कळला नाही तर हरकत नाही, पण किल्ली कुठली ते कळलंच पाहिजे. हरल्यावर येणाऱ्या मजकुराचंही तसंच: तो एका झटक्यात पुढे ढकलता आला पाहिजे. हरलेला माणूस आधीच चिडलेला असतो.

यापलीकडची पातळी म्हणजे विनोदच खेळाचा नियम होतो. १९९० च्या ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’मध्ये तलवारबाजी जिंकायला हात चालवावा लागत नाही. समोरच्याच्या टोमण्याला चपखल उत्तर दिलं की तुमची सरशी, आणि हरलात तर निदान एक नवा टोमणा शिकता. आपल्याकडे कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब याच तत्त्वावर उभे आहेत. त्यावर छोटा गेम करून बघण्यासारखा आहे: दहा सवाल, दहा जवाब, आणि शेवटच्या प्रतिस्पर्ध्याकडे दहा नवे सवाल, ज्यांना जुनेच जवाब वेगळ्या अर्थाने बसतात. तो शेवटचा भाग लिहायला सगळ्यात जास्त वेळ जातो. तो नीट जमला नाही तर आधीच्या वीस ओळी फुकट.

तिसरी पायरी: तक्ता

स्टुडिओत संवाद वर्डच्या फायलीत देत नाहीत, तक्त्यात (स्प्रेडशीटमध्ये) देतात. रकाने साधारण असे: ओळीचा क्रमांक, पात्र, मजकूर, कधी वाजणार, आवाज देणाऱ्यासाठी सूचना, अक्षरांची मर्यादा, ऑडिओ फायलीचं नाव. ओळ बदलली तरी क्रमांक बदलायचा नाही, ओळ काढली तर तो दुसऱ्या ओळीला द्यायचा नाही. नाहीतर रेकॉर्ड झालेले आवाज भलत्याच तोंडी जातात.

सूचनेच्या रकान्यात ‘विनोदी’ असं लिहू नका. त्याने कलाकार आवाज काढायला लागतो. ‘सकाळपासून पन्नास जणांनी हेच विचारलंय’ असं लिहा.

चौथी पायरी: मराठीच्या अडचणी

इंग्रजीतल्या मार्गदर्शनात हे मिळत नाही, म्हणून जरा सविस्तर.

गेममध्ये वस्तूंची नावं आपोआप वाक्यात बसवतात. इंग्रजीत चालतं, मराठीत सामान्यरूप आडवं येतं. ‘कुंदा’ या नावापुढे ‘ला’ चिकटवला तर ‘कुंदाला’ होतं आणि मिठाई माणूस होऊन बसते; हवं असतं ‘कुंद्याला’. तक्त्यात प्रत्येक वस्तूची दोन रूपं ठेवा, मूळ आणि सामान्यरूप, शिवाय लिंग. नाहीतर वाक्यच असं रचा की नाव मूळ रूपात येईल: ‘मिळालं: कुंदा, पाव किलो’.

खेळणारा मुलगा की मुलगी हे ठाऊक नसेल तर ‘आलास’ की ‘आलीस’ हा पेच येतो. ‘तुम्ही आलात’ने सुटतो, पण मग प्रत्येक पात्र अदबीने बोलायला लागतं आणि टोमण्याची धार जाते. दुसरा उपाय म्हणजे आज्ञार्थ आणि भविष्यकाळ: ‘ये’, ‘बस’, ‘बघशील’. यांत लिंग लागत नाही. खेळणाऱ्याचं स्वतःचं बोलणं उरतं, तिथे मात्र दोन ओळी लिहिण्याला पर्याय नाही.

अक्षरांची मर्यादा तक्त्यातल्या मोजणीवर सोडू नका. ‘क्षि’ डोळ्याला एक अक्षर दिसतं, संगणक चार मोजतो. मर्यादा पडद्यावरच्या रुंदीने ठरवा: सगळ्यात लांब ओळ प्रत्यक्ष चौकटीत टाकून बघा.

फॉन्ट. युनिटी या गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर दाखवायला सर्रास वापरला जाणारा टेक्स्टमेशप्रो स्वतःहून देवनागरी जोडत नाही; ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर जाऊन बसते, जोडाक्षरं पायमोडी दिसतात. गोडो ४ या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ही अडचण येत नाही, आणि तो फुकट आहे. नोटो सान्स देवनागरी, मुक्ता, बलू हे मोफत फॉन्ट चांगले आहेत. ‘तऱ्हा’, ‘दुसऱ्या’, ‘वाङ्मय’, ‘ॲप’ हे चार शब्द टाकून फॉन्ट तपासा. इथे पास झाला तर बहुतेक कुठेच अडत नाही.

एकेक अक्षर टंकल्यासारखं उमटवण्याची पद्धत देवनागरीत फसते. ‘स्त्री’ उमटताना आधी ‘स’, मग पायमोडका ‘स्’, मग आणखी काहीतरी, असे तुकडे चमकतात. प्रोग्रामरला सांगा: पूर्ण अक्षरसमूह एकदम उमटू दे, नाहीतर शब्दच्या शब्द. विनोदाला शब्दाशब्दाने उमटणं जास्त मानवतंही.

बोली किती वापरायची

बेळगावी मराठी हा तुमचा मोठा फायदा आहे, आणि तो उधळूनही टाकता येतो. ‘काय करूलालायस?’ हे एका पात्राच्या तोंडी शोभतं. सगळीच पात्रं तशी बोलली तर सांगली-साताऱ्याचा खेळणारा तिसऱ्या मिनिटाला थकतो. एका पात्राला पूर्ण बोली द्या, बाकीच्यांना फक्त ‘की’, ‘ओ’ आणि वाक्याचा हेल. सूचना आणि मेनू प्रमाण मराठीत.

कानडी ओळी आल्या तर कानडी घरात बोलणाऱ्याकडून तपासून घ्या. इथल्या ऐकणाऱ्या-खेळणाऱ्यांना दोन्ही भाषा कळतात. चुकलेला ‘बर्तद री’ लगेच पकडला जातो. विनोद कोणावर आहे तेही बघा. गिऱ्हाईक मराठीत विचारतं, दुकानदार कानडीत सांगतो आणि व्यवहार हिंदी आकड्यांत संपतो, यात तिघांचीही गंमत आहे. कानडी बोलणारा म्हणून मूर्ख, किंवा मराठी बोलणारा म्हणून भांडकुदळ, हे स्वस्त आहे आणि सीमाभागात महागात पडतं. १ नोव्हेंबरच्या, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या, आसपास भाषेवरचा भाग प्रसिद्ध करू नये हे उघड आहे. दोन आठवडे थांबल्याने विनोद शिळा होत नाही. शिळा झालाच, तर तो मुळात बातमी होता.

पाचवी पायरी: दुसऱ्याला खेळायला द्या

पाच जण पुरेत, त्यांतले दोघे गेम न खेळणारे. त्यांच्यामागे बसा, काही समजावू नका. कागदावर तीनच गोष्टी टिपा: कुठे हसले, कुठे न वाचता पुढे ढकललं, कुठे अडकले. नंतर ‘कसं वाटलं?’ विचारून उपयोग नाही; गावात सगळे ‘मस्त आहे की’ म्हणतात. ढकललेली ओळ लहान करा किंवा काढा. पुन्हा पाच नवे लोक. पहिल्या पाचांना विनोद आता माहीत आहे.

मग गेम इच (itch.io) या छोट्या गेमच्या साइटवर टाका, तिथे पैसे भरावे लागत नाहीत. स्टीम या गेमच्या मोठ्या ऑनलाइन दुकानात प्रत्येक गेममागे १०० डॉलर शुल्क आहे, पहिल्या गेमसाठी ते नको. दर जानेवारीच्या सुमारास होणाऱ्या ग्लोबल गेम जॅममध्ये ४८ तासांत गेम करतात. अशा ठिकाणी चित्रकार आणि प्रोग्रामर असतात, लेखक कमी. ओळखी तिथे होतात.

सहावी पायरी: पॉडकास्ट

दोघे जण, पंचवीस-तीस मिनिटं, पंधरवड्याला एक. आठवड्याला एक असं ठरवलेले कार्यक्रम पाचव्या-सहाव्या भागाला दमतात. तीन भाग तयार झाल्याशिवाय पहिला प्रसिद्ध करू नका. पूर्ण संहिता वाचली तर ती वाचल्यासारखीच ऐकू येते. पाच-सहा मुद्दे आणि शेवट तेवढा लिहून ठेवा. गेमच्या लेखकाला उपयोगी पडेल असा साचा हवा असेल तर दर भागात एक पात्र घ्या, दोघांनी त्याच्या तोंडी आळीपाळीने ओळी सोडा. चांगल्या निघाल्या त्या तक्त्यात जातात.

माईक डायनॅमिक घ्या. कंडेन्सर माईक गल्लीतला भाजीवाला, शेजारचा कुकर आणि वरच्या मजल्यावरची खुर्ची, सगळं टिपतो. बजेट नसेल तर हजाराच्या आसपासचा कॉलर माईक मोबाइलला लावूनही पहिले दहा भाग निघतात. तोंडापासून अंतर दहा-पंधरा सेंटिमीटर, माईक समोर नाही तर किंचित बाजूला, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’चा फटका बसत नाही.

खोली लहान, कपाट उघडं, खाली गादी, भिंतीला वाकळ किंवा चादर. पंखा बंद. जून ते सप्टेंबर पत्र्याच्या किंवा कौलांच्या घरात रेकॉर्डिंग जवळपास अशक्य आहे, खानापूरकडे तर विचारायलाच नको. मेमध्येच सहा भाग भरून ठेवा किंवा स्लॅबच्या घरातला मित्र शोधा. लॅपटॉप चार्जर काढून बॅटरीवर चालवा. चार्जर आणि इन्व्हर्टरची गुणगुण रेकॉर्डिंगमध्ये उतरते आणि नंतर काढताना आवाजही पातळ होतो.

आवाजाची पातळी बोलण्यावर लावू नका, हसण्यावर लावा. विनोदी कार्यक्रमात हसणं बोलण्यापेक्षा कितीतरी मोठं असतं, आणि एकदा फाटलेला आवाज दुरुस्त होत नाही. बोलणं उणे १८ ते उणे १२ डेसिबलच्या दरम्यान राहिलं की हसायला जागा उरते. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो. प्रत्येकाची तासाला साधारण ५२० एमबी जागा लागते. दुसरा जोडीदार कोल्हापुरात असेल तर कॉलवर एकमेकांना ऐका, पण प्रत्येकाने आपापल्याकडे रेकॉर्ड करा. दोघांनीही हेडफोन लावायचेच. सुरुवातीला आणि शेवटी एकेक टाळी वाजवा. पहिली टाळी दोन फायली जुळवायला, शेवटची त्या मध्ये किती सरकल्या ते बघायला.

संपादन ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये. क्रम महत्त्वाचा: आधी पार्श्वभूमीचा आवाज कमी करणं (दहा सेकंद गप्प राहून घेतलेला नमुना लागतो, ६ ते १२ डेसिबलपेक्षा जास्त नको), मग ८० हर्ट्झखालचं कापणं, मग हलकं कॉम्प्रेशन (मोठ्या-लहान आवाजातला फरक कमी करणं), शेवटी लाउडनेस (एकूण आवाज किती मोठा ऐकू येतो ते; त्याचं माप एलयूएफएस). स्टिरिओला उणे १६ एलयूएफएस, मोनोला उणे १९. शांतता आपोआप कापणारी सोय वापरू नका. विनोदाआधीची पाऊण सेकंदाची थांबणूक तिला ‘रिकामी जागा’ वाटते. हळू आवाज आपोआप बंद करणारा नॉइज गेटही तसाच, हसण्याची शेपटी कापतो. हाताने कापा: लांबलेलं हसणं निम्मं करा, पहिला खळखळाट ठेवा.

फाईल एमपी३, मोनो, ९६ ते १२८ केबीपीएस. मुखचित्र चौरस, ३००० बाय ३००० पिक्सेल. अक्षरं मोठी, कारण बहुतेक लोक ते नखाएवढं बघतात. पॉडकास्ट ठेवणाऱ्या एका सेवेवर टाकून मिळणारा आरएसएस पत्ता (नवा भाग आला हे ॲपना कळवणारी लिंक) ॲपल आणि स्पॉटिफायला द्या. नाव देवनागरीत ठेवा, वर्णनात रोमन अक्षरांतही लिहा, लोक तसं शोधतात. सिनेमाच्या गाण्याचे पाच सेकंदही नकोत. ‘एवढंसं चालतं’ ही निव्वळ अफवा आहे.

सातवी पायरी: पैसे

फक्त मराठी विनोदी गेम लिहून घर चालेल अशी बाजारपेठ आज नाही. पैसे देणारं काम इंग्रजीत, थोडं हिंदीत, आणि मराठीत आणण्याच्या स्थानिकीकरणात आहे. म्हणून नमुन्यात तीन गोष्टी ठेवा: पाच मिनिटांचा खेळता येणारा गेम, चाळीस बार्कांचा तक्ता, आणि एक इंग्रजी प्रसंग. तो मराठीचं भाषांतर नको, मुळात इंग्रजीत सुचलेला हवा. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी’ (२०२०) केला तसे छोटे स्टुडिओ शोधा. मोठ्यांकडे अर्जांचा ढीग असतो. पत्रात पहिल्या ओळीत गेमची लिंक द्या, स्वतःची ओळख खाली.

दर शब्दावर ठरवू नका; विनोदात शब्द कमी करण्यालाच मेहनत पडते. ओळींच्या संख्येवर किंवा दिवसावर ठरवा, आणि किती वेळा बदल करून देणार ते करारात लिहा. दोन फेऱ्या योग्य. काम मध्येच थांबलं तर झालेल्या भागाचे किती मिळणार, हेही लिहून घ्या. गेम रद्द होणं या धंद्यात नेहमीचंच आहे.

भारतीय कंपनी व्यावसायिक शुल्कावर साधारण १० टक्के टीडीएस कापते, तो विवरणपत्रात परत मागता येतो. सेवांवरची जीएसटी नोंदणी वर्षाला २० लाखांच्या उलाढालीनंतर लागते. बेळगावहून कोल्हापूरच्या गिऱ्हाइकाला बिल केलं, म्हणजे राज्य ओलांडलं, तरी सेवांसाठी हीच मर्यादा आहे. अमेरिकन कंपनी डब्ल्यू-८बेन नावाचा अर्ज भरायला सांगेल. त्यावर पॅन लिहायचा असतो.

काम मिळालं की गुप्ततेच्या करारावर सही होते. मग प्रसिद्ध न झालेल्या गेमचं नाव, पात्रं, ‘सध्या एका मोठ्या कामात आहे’ इतकंसुद्धा पॉडकास्टवर बोलायचं नाही. जोडीदारालाही आधी बजावून ठेवा, कारण असं गुपित फुटतं ते बहुतेक वेळा त्याच्याच विनोदातून. रेकॉर्ड केलेला प्रत्येक भाग प्रसिद्ध करण्यापूर्वी फक्त याच कारणासाठी एकदा पूर्ण ऐका, आणि शंका आली तर तेवढं वाक्य कापा. बीप टाकू नका. बीपमुळे लोक अंदाज बांधतात, आणि व्हिडिओही टाकत असाल तर ओठांवरून तो अंदाज बरोबर निघतो.